‘सर्व्हर डाऊन’च्या पाटीआडचा विलंब

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर छत्रपती संभाजीनगर आणि बीड यांच्या दरम्यान वसलेले वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील गाव गेल्या काही वर्षांत राज्यभर ठाऊक झाले ते आरक्षणाच्या आंदोलनांमुळे. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न पुन्हा पेटला; जून २०२४मध्ये ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठीचे उपोषण याच वडीगोद्रीत झाले. मंडप वेगळे होते, घोषणा वेगळ्या होत्या. परंतु दाखला जातीचा असो, उत्पन्नाचा असो की नॉन-क्रिमीलेयरचा, दोन्ही बाजूंच्या मुलांना अखेर एकाच खिडकीपाशी उभे राहावे लागते आणि त्या खिडकीतून अनेकदा एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे, नंतर या.’

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात हे दोन इंग्रजी शब्द आता ‘तलाठी दौऱ्यावर आहेत’ या जुन्या वाक्याच्या जागी आले आहेत. दोन्ही वाक्यांचा गुण एकच; त्यांच्यापुढे प्रश्न विचारता येत नाही. दौरा कोठे आणि परत कधी, हे जसे त्या काळी कोणी सांगत नसे, तसेच कोणता सर्व्हर, कोठला, कशामुळे आणि किती वेळ, हे आज कोणी सांगत नाही. वास्तविक सर्व्हर पूर्णपणे बंद पडण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे. पुष्कळदा तो चालू असतो; फक्त नुकताच चालू झालेला असतो. रखडण्याच्या वेळा आठवून पाहाव्यात : सकाळी कार्यालय उघडतानाची वेळ, वीज परतल्यानंतरचा अर्धा तास, नव्या योजनेचा पहिला दिवस, बंद केलेली सेवा पुन्हा सुरू होतानाचे पहिले काही तास. या साऱ्यांत समान धागा आहे तो सुरुवातीचा. आणि सुरुवातीच्या या संथपणात यंत्राच्या कमी ताकदीपेक्षा कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत बसण्याचा भाग मोठा असतो. कोण कोणासाठी थांबले आहे, हे शोधणे म्हणजेच बिघाड शोधणे.

हा शोध गावापासूनच सुरू करावा लागतो. वीज गेली आणि परत आली की केंद्रातील सगळी उपकरणे एकाच क्षणी जागी होतात. फायबरचा डबा, राऊटर, स्विच आणि संगणक. राऊटरची जुळवाजुळव अद्याप चालू असताना संगणक तयार झाला, तर तो आपला पत्ता मागतो, त्याला उत्तर मिळत नाही, आणि मग तो स्वतःच स्वतःला १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा तात्पुरता पत्ता देऊन मोकळा होतो. पडद्यावर जोडणी दिसते, परंतु इंटरनेट नसते. आधी राऊटर चालू करून दोन-तीन मिनिटांनी संगणक चालू केला, तर हा प्रकार बहुतांशी टळतो. दुसरी गोष्ट त्याहून क्षुल्लक. संगणकाच्या आत घड्याळासाठी बटणाएवढा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्रावरील तारीख संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहिली जाते. ती जुळली नाही की संकेतस्थळ उघडत नाही आणि डिजिटल स्वाक्षरीही नाकारली जाते. तिसरी गोष्ट म्हणजे सकाळी संगणक उघडताच मागे चालू होणारी अद्ययावतीकरणे. एकाच जोडणीवर चार संगणक असतील तर ते चौघे पहिला अर्धा तास ती जोडणी पिऊन टाकतात आणि रांगेतल्या माणसाच्या अर्जाला थेंबही उरत नाही.

यांपैकी एकाही गोष्टीचा मुंबई-पुण्यातील सर्व्हरशी काडीचा संबंध नाही. तरीही पाटी तीच लागते. खरे तर तीन साध्या प्रश्नांनी निदान अर्ध्यावर येते. राऊटरपर्यंत संदेश जातो का? बाहेरच्या एखाद्या यंत्राच्या आकडी पत्त्यापर्यंत जातो का? आणि त्याच यंत्राच्या नावाने जातो का? पहिलेच उत्तर नाही असेल तर दोष खोलीतला. पहिले होय आणि दुसरे नाही असेल, तर दोष गावापासून जिल्ह्यापर्यंतच्या वाटेवरचा. रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताखाली फायबर आली असण्याची शक्यता मोठी. आकड्याने जाते आणि नावाने जात नाही असे झाले, तर वाट ठीक आहे, पत्ता सांगणारा हरवला आहे.

हा पत्ता सांगणारा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर अधिक त्रास देते. कार्यालयात, बँकेच्या शाखेत, साखर कारखान्याच्या हिशेब विभागात स्वतःचा लहानसा सर्व्हर असतो. लिनक्स प्रणालीवर चालणारा सर्व्हर नाव विचारल्यावर सर्वसाधारणपणे पाच सेकंद उत्तराची वाट पाहतो आणि मग यादीतील पुढच्याकडे वळतो. यादीत पहिला क्रमांक दोन वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या यंत्राचा असेल, तर प्रत्येक नव्या चौकशीला ही पाच सेकंदे भरावी लागतात. काही सर्व्हर उलटी चौकशीही करतात. कोणी जोडले गेले की त्याच्या आकड्यावरून नाव कोणते, हे ते नोंदवहीसाठी विचारतात. उत्तर देणारा कोणी नसला तरी ते निमूटपणे थांबतात, आणि पलीकडच्या माणसाला वाटते की सर्व्हर मंद आहे.

स्विचचीही अशीच गंमत आहे. केबलींचा कोठे गोल फेरा झाला तर सारे जाळे कोसळते. म्हणून जुन्या पद्धतीचा स्विच नवी जोडणी होताच वाहतूक सोडत नाही. पंधरा सेकंद ऐकतो, आणखी पंधरा सेकंद शिकतो आणि मग वाट मोकळी करतो. दरम्यान सर्व्हरने पत्ता मागितला असेल तर ती मागणी हवेत विरते. या विलंबावर उतारा असणारी वेगवान पद्धत २००१मध्येच प्रमाणित झाली. शिवाय जेथे एकटाच संगणक जोडलेला आहे त्या खोबणीला या प्रतीक्षेतून वगळण्याची सोय स्विचमध्ये असते. ती चालू आहे की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. आणखी एक नमुना असा : सर्व्हरला जाळ्याच्या दोन खोबण्या असतात, दोन्ही वापरात आहेत असे लिहून ठेवलेले असते, प्रत्यक्षात केबल एकालाच असते. आजच्या अनेक लिनक्स प्रणाली अशा वेळी दुसऱ्या खोबणीची दोन मिनिटे वाट पाहतात आणि मगच बाकीच्या सेवा सुरू करतात.

येथे एक व्यवहारी खूण सांगण्याजोगी आहे. विलंब नेहमी ठरावीक आणि गोल आकड्याचा असेल, पाच सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटे, तर तेथे गर्दीचा संबंध सहसा नसतो. कोणीतरी घड्याळ लावून न येणाऱ्या उत्तरासाठी थांबलेले असते. गर्दीचा विलंब ओबडधोबड असतो, कधी चार सेकंद, कधी चाळीस. पहिल्या प्रकारात नवा सर्व्हर विकत घेऊन काहीही साधत नाही, कारण वेगवान यंत्रही पाच सेकंदे पाचच सेकंदांत मोजते. शासकीय खरेदीच्या टिपणीत हा फरक कितीदा केला जातो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मुख्यालयाच्या पातळीवर गोष्ट निराळी होते. ती समजायला अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याला संगणकशास्त्र लागत नाही. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून जालना जिल्ह्यातून परभणीकडे २०८ किलोमीटर जातो. उन्हाळी पाळी सुटली की पहिले पाणी टेलला लगेच पोहोचत नाही. कोरडा कालवा आधी स्वतः पितो, भेगा भरतात, मग प्रवाह पुढे सरकतो. आणि तेवढ्यात वरच्या भागातील मोटारी एकदम चालू झाल्या तर टेलच्या माणसाला ओल तेवढी दिसते. नुकताच चालू झालेला सर्व्हर हा असा कोरडा कालवा असतो. वारंवार लागणारी माहिती तो एरवी हाताशी ठेवतो. सुरुवातीला तो साठा रिकामा असल्याने प्रत्येक गोष्टीसाठी त्याला मूळ भांडारात जावे लागते. भांडाराशी जोडण्याही नव्याने उघडाव्या लागतात. नेमक्या त्याच घटकेला सकाळचे दहा वाजलेले असतात आणि राज्यातील सर्व केंद्रे एकदम कळ दाबतात. उत्तर आले नाही म्हणून केंद्रचालक पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो. त्याच्या दृष्टीने हा एकच अर्ज असतो. सर्व्हरच्या दृष्टीने तीन. रांग मागणीने वाढत नाही तेवढी ती अशा पुनरावृत्तीने वाढते.

ही अडचण इंटरनेटइतकीच जुनी आहे. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरावरची वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरली. केबल तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. उत्तर न मिळालेला प्रत्येक संगणक तोच संदेश पुन्हापुन्हा पाठवीत होता आणि जाळे त्या पुनरावृत्तीनेच भरून गेले होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेल्या उपायाचे नावच ‘स्लो स्टार्ट’ आहे. जोडणी होताच सगळे ओतायचे नाही; थोडे पाठवायचे, पोच आली की दुप्पट करायचे, अडले की आवरायचे. आज आपण कोणतेही संकेतस्थळ उघडतो तेव्हा याच तत्त्वाची कोणती ना कोणती सुधारलेली आवृत्ती काम करीत असते. सुरुवातीचा काही संथपणा असा हेतुपुरस्सर असतो आणि त्यानेच पुढचा वेग शक्य होतो. सर्वच विलंब दोष नव्हे, हे तपासणी करणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

या शिस्तीशिवाय काय होते याचे ठळक उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, जगाने पाहिले. ॲमेझॉनच्या क्लाऊड सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात डीएनएसच्या स्वयंचलित यंत्रणेतील दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि एका महत्त्वाच्या माहितीभांडाराचा पत्ताच नोंदीतून पुसला गेला. भारतीय वेळेनुसार दुपारी बाराच्या सुमारास सुरू झालेला हा मूळ दोष तीनच्या सुमारास दूरही झाला. परंतु सेवा पूर्ववत व्हायला मध्यरात्र उलटून गेली. कारण त्या तीन तासांत साचलेले काम एकदम अंगावर आले. नवे सर्व्हर काही तास सुरूच होईनात. नंतर सुरू होऊ लागले, तर त्यांना जाळ्याची जोडणी मिळेना, कारण जोडणीच्या नोंदी पुढे कळविणारी यंत्रणा मागच्या थकबाकीत अडकली होती. अभियंत्यांनी अखेर नव्या सर्व्हरच्या सुरुवातीवरच मर्यादा घातल्या, थकबाकी फेडली आणि मग मर्यादा हळूहळू उठविल्या. दोष तीन तासांचा आणि सुरुवात जवळपास बारा तासांची, असे हे प्रमाण होते. फेसबुकने ४ ऑक्टोबर २०२१च्या सुमारे सहा तासांच्या बंदनंतर सेवा परत आणताना हीच काळजी घेतली होती. सारे एकदम चालू केले तर वीजव्यवस्थेपासून साठ्यापर्यंत सर्वांवर ताण येईल, हे त्यांना ठाऊक होते.

महाराष्ट्रात मात्र आपण मोठी गर्दी स्वतःच तारीख लावून बोलावतो. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा योजना आली, दीड कोटीहून अधिक अर्ज झाले, आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला तलाठी भरतीच्या परीक्षेचे सकाळचे सत्र सर्व्हरच्या बिघाडामुळे राज्यभर खोळंबले. दूरच्या जिल्ह्यांतून रात्रीचा प्रवास करून आलेली मुले केंद्राच्या फाटकाबाहेर ताटकळत राहिली. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी २०२५मध्ये सुरू झाली तेव्हा ओटीपी येईना म्हणून बायका दिवसभराच्या कामानंतर रात्री जागून प्रयत्न करीत होत्या. मुदत याही वेळी वाढविली गेली. मुदतवाढ हा दिलासा खराच, पण ती बिघाडाची दुरुस्ती नव्हे. त्यात पुढच्या शेवटच्या दिवसाची तेवढी सोय होते.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन संकेतस्थळाची दारे उघडली आणि पहिली काही मिनिटे ते अडखळले. परंतु त्या दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. सुरुवातीचा धक्का ओसरल्यावर यंत्रणेने भार पेलला, एवढे श्रेय तिला द्यायला हवे. अर्थात ज्या घरात एकही स्मार्टफोन नव्हता, त्या घराची नोंद या सव्वा कोटींत नाही.

अंबड परिसराच्या बाबतीत आणखी एका सुरुवातीचा विचार करावा लागतो. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तास बंद ठेवण्यात आली. अशा बंदीच्या गरजेविषयी मतभेद असू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२०च्या अनुराधा भसीन प्रकरणातील निकालात बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते प्रमाणशीर असले पाहिजेत, असे सांगितले आहे. परंतु आदेशात बंदी कधी उठणार हे असते. उठल्यानंतर काय होणार, याचा विचार नसतो. बंदी उठते त्या क्षणी तीन जिल्ह्यांतील प्रत्येक मोबाइल, प्रत्येक देयक यंत्र, प्रत्येक केंद्र साचलेले सारे घेऊन एकदम दार ठोठावते. त्या दिवशी मुदत संपणारा अर्ज असेल, तर कागदावर बंदी चार वाजता उठली असली तरी अर्जदारासाठी ती तेव्हा उठलेली नसते.

मुद्दा येथेच कायद्याशी येऊन भिडतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूदही केली. पण ही मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. सर्व्हरने अर्जच स्वीकारला नाही तर नागरिकाचे घड्याळ सुरूच होत नाही. तीन दिवस खेटे घालून चौथ्या दिवशी अर्ज गेला, तर शासनाच्या नोंदीत विलंब शून्य आणि शेतमजुराच्या नोंदीत चार रोजंदाऱ्या. ‘सर्व्हर डाऊन’ हा विलंब असा कोणत्याच हिशेबात येत नाही आणि म्हणून तो कोणालाच दुरुस्त करावासा वाटत नाही.

अमेरिकेतील आरोग्यविम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले तेव्हा पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली होती. ते सावरण्यासाठी बाहेरून आणलेल्या अभियंत्यांनी आधी मोजमापाची व्यवस्था उभी केली, कारण कोणता भाग किती वेळ घेतो हे आतल्या माणसांनाही दिसत नव्हते. दोन महिन्यांत पान उघडण्याचा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला. आपल्याकडेही ‘आपले सरकार’पासून महाभूमीपर्यंतच्या सेवांचा दर तासाचा प्रतिसादकाळ जिल्हावार प्रसिद्ध करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तो उपलब्ध झाला, तर वडीगोद्रीचा केंद्रचालक समोरच्या माणसाला सांगू शकेल की मुख्यालयात सर्व काही ठीक आहे, दोष आपल्या तारेत आहे. किंवा नेमके त्याच्या उलट.

दुसरी गोष्ट पोचेची. ई-पीक पाहणीत शेतात नेटवर्क नसले तरी माहिती मोबाइलमध्ये नोंदवून नंतर पाठविण्याची सोय आहे. हीच रीत दाखल्यांच्या आणि विम्याच्या अर्जाला लावता येईल : केंद्रात अर्ज भरला त्या क्षणाची वेळ आणि क्रमांक असलेली पोच अर्जदाराच्या हाती द्यायची, अर्ज मागाहून सावकाश वर जाईल, आणि लोकसेवा हक्काची मुदत पोचेवरील वेळेपासून मोजायची. यात गैरप्रकाराची भीती दाखविली जाईल आणि ती अगदीच निराधार नाही. केंद्रचालक मागची तारीख टाकू शकतो. त्यासाठी पोचेचा क्रमांक आधीच केंद्राला नेमून दिलेल्या मालिकेतून घेता येतो, जसे पावतीपुस्तकाचे असते. तलाठी कार्यालयातील माणसाला ही युक्ती नवी वाटणार नाही.

तिसरी बाब वाटेची. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यात ग्रामपंचायतींची जोडणी एकेरी तारेऐवजी वर्तुळाकार करण्याची तरतूद आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील. अंबड तालुक्यातील एखाद्या गावात ते वर्तुळ खरोखर पूर्ण झाले आहे की नाही, हे तपासायला समिती नको. ग्रामसभेच्या दिवशी एका बाजूची केबल काढावी आणि पंचायतीच्या संगणकावर सातबारा उघडतो का ते पाहावे.